उत्तर उद्या लिहायचं

माझा आवाज मोठा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे घडलं त्याचं खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं हे शोधत बसायला नको. हुबळीत लॅमिंग्टन रोडवर माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. "चड्डी दोन इंच मोठीच घ्या हो, पोरगं वाढतंय!" असं मी एखाद्या गिऱ्हाइकाला सांगतो, तेव्हा पलीकडच्या फुटपाथवरून चाललेली माणसंसुद्धा दचकून आपापल्या पोराची उंची बघतात. तरुणपणी हौशी नाटकांत राजा केला, दरोडेखोर केला, एकदा तर एकाच रात्री मारणारा आणि मरणारा दोन्ही मीच होतो, कारण मरणाऱ्याची बस चुकली होती. अशा माणसानं सगळ्यांत जास्त प्रेम करावं ते कशावर? तर जिथं तोंड उघडायला बंदी आहे अशा एका खोलीवर.

ती खोली म्हणजे धारवाडातल्या आमच्या सप्तापूरचं मराठी वाचनालय. घरापासून चार मिनिटांवर. दोन टेबलं, चौदा खुर्च्या, भिंतीभर कपाटं, आणि या सगळ्यावर राज्य करणाऱ्या आमच्या ग्रंथपाल अक्का. अक्कांचं माहेर-सासर दोन्ही कन्नड; पण वाचनालयातली एकही मराठी कादंबरी त्यांच्या हातून सुटलेली नाही. आमचं बोलणं सुरू कुठल्या भाषेत झालं आणि संपलं कुठल्या भाषेत हे आम्हाला नंतर विचारलं तर सांगता येत नाही. धारवाडात ते कोणालाच येत नाही.

अक्कांच्या टेबलावर एक जाडजूड सूचना वही असते. इतर ठिकाणी अशी वही दोरीला बांधून ठेवतात आणि तिच्यात माशा मरतात. आमच्याकडे ती चालते. वाचनालयात बोलायचं नाही, म्हणजे भांडायचंही नाही. भांडण असेल तर वहीत लिहायचं. डाव्या पानावर तक्रार, समोरच्या उजव्या पानावर उत्तर, ज्याला जी भाषा येते त्या भाषेत. उत्तर त्याच दिवशी लिहायचं नाही. कितीही रक्त उसळो, अक्का वहीवर पालथा पंजा ठेवतात आणि म्हणतात, "उत्तर उद्या." आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा भरते तेव्हा गंमत असते. तक्रार वाचायची ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या बाजूच्यानं. आणि उत्तर वाचायचं ते तक्रार करणाऱ्याच्या बाजूच्यानं. हा नियम कोणी केला कोण जाणे, पण करणारा माणूस वस्ताद असणार.

एकदा पंख्यावरून जुंपली होती. एका निवृत्त हेडमास्तरांना घाम फार, आणि त्यांच्या शेजारच्या बँकेतल्या साहेबांना गारवा बाधायचा. हेडमास्तरांनी डावं पान भरून पंख्याचं माहात्म्य लिहिलं. साहेब लालबुंद होऊन उत्तर लिहायला आले. अक्कांचा पंजा. "उत्तर उद्या." दुसऱ्या दिवशी साहेबांनी शांतपणे एकच ओळ लिहिली. सभेत ती हेडमास्तरांना वाचावी लागली. खणखणीत आवाजात त्यांनी सुरुवात केली, "मला दमा आहे. मी कोणाला सांगितलेलं नाही." आणि ते थांबले. 'मला' हा शब्द त्यांच्याच तोंडून बाहेर पडला होता ना! उठले आणि साहेबांची खुर्ची स्वतः उचलून पंख्यापासून लांब नेऊन ठेवली. मतदान नाही, ठराव नाही. मी त्या दिवशी ठरवलं, जगातल्या सगळ्या संसदांना आमच्या वाचनालयात आणून एक महिना बसवायला पाहिजे.

पण मग मुलं आली.

सप्तापूरमध्ये भाड्याच्या खोल्या म्हणजे मधाचं पोळं. सरकारी नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करायला गावोगावची पोरं-पोरी इथं येऊन राहतात. एका खोलीत चौघं-पाचजण. तिथं अभ्यास कसा होणार? कोणाला तरी आमच्या वाचनालयाचा शोध लागला. सकाळी आठला दार उघडायचं, त्याच्या आधीच सात-आठजण पायरीवर. आत शिरली की खुर्च्यांवर दप्तरं. एक जेवायला गेला की त्याच्या खुर्चीवर त्याचं दप्तर बसून राहायचं. पेपर वाचायला आलेले आमचे ज्येष्ठ सभासद भिंतीला टेकून उभ्या उभ्या अग्रलेख वाचायला लागले. अग्रलेख उभ्यानं वाचला की माणूस चिडतो.

सर्वांत जास्त चिडले आमचे वकीलसाहेब. कोर्टातून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं, काठीचा आवाज मोठा. खिडकीखालची खुर्ची त्यांची. समोरच्या खुर्चीवर त्यांच्या पत्नी साप्ताहिकं चाळत बसायच्या. त्या गेल्या, तेव्हापासून ती समोरची खुर्ची आम्ही कोणी फारशी वापरत नव्हतो. आणि आता खुद्द वकीलसाहेबांच्या खुर्चीत नवलगुंदकडच्या एका खेड्यातली मुलगी येऊन बसायला लागली होती. सडपातळ, केसांना घट्ट वेणी, पुस्तकातून मान वर न काढणारी. अक्कांकडून कळलं होतं की वयाच्या मर्यादेत तिचा हा शेवटचा प्रयत्न आहे. परीक्षेला दोनच महिने राहिले होते. या खोलीबाहेर काढलं असतं तर तिला बसायला दुसरी जागा नव्हती. बाकीची मुलं कुठंतरी झाडाखाली, देवळात भागवून घेतील म्हणत होती; ती काहीच म्हणत नव्हती.

वकीलसाहेब मला बाहेर रस्त्यावर गाठून म्हणाले, "तक्रार लिहा. वाचनालयात सभासदांनीच बसावं, असा ठराव पुढच्या सभेत आणू. एक ओळ पुरे."

एक ओळ! माझ्यासारख्या नटाला! मी पान भरलं. त्यात एक वाक्य होतं, लिहिताना मला फार आवडलेलं. 'आमच्या खुर्च्यांवर परकी दप्तरं बसली आहेत, आणि आम्ही आमच्याच घरात उभे आहोत.' लिहून झाल्यावर मी दोन पावलं मागं सरून ते वाचलं, आणि टाळ्या ऐकू येतात का बघितलं.

पहिल्या रविवारी सभा भरली. आमची बाजू खुर्च्यांवर, मुलं भिंतीपाशी खाली. त्यांना मत नव्हतंच. नियमाप्रमाणे तक्रार त्यांच्यातल्या कोणीतरी वाचायची. ती मुलगी उठली. शाळेत हिंदी शिकलेली, त्यामुळे अक्षरं तिला येत होती. सावकाश, एकेक शब्दावर पाय रोवत वाचत गेली. माझ्या लाडक्या वाक्यापाशी थांबली आणि तिनं परकी म्हणजे काय ते अक्कांना विचारलं, "अक्का, परकी अंद्र एन?"

अक्कांनी डोळे वहीवरून न काढता सांगितलं, "होरगिनवरू." बाहेरचे.

इथं पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांना हा शब्द दोन्हीकडून चांगला माहीत आहे. इकडं कधी कोणी चिडला की तो आम्हाला लावतो, आणि पुण्याला लग्नाला गेलो की आमचं मराठी ऐकून तिकडचे नातलगही हसत हसत तोच लावतात. ज्या शब्दाची ठेच आम्हाला जन्मभर लागत आलीय तो मी त्या पोरीच्या तोंडात दिला होता. तिनं मान हलवली आणि पुढं वाचलं. स्वच्छ, शेवटपर्यंत.

आता उत्तर वाचायचं आमच्या बाजूनं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आवाज माझा ना! मी उठलो, घसा खाकरला, वही हातात घेतली आणि उजवं पान समोर धरलं.

उत्तर कन्नडमध्ये होतं.

आता माझ्या आयुष्यातलं एक गुपित सांगतो. मी कन्नड बोलतो ते असं, की दुकानात येणारे गावाकडचे लोक मला 'नीव यावूर री?' म्हणून आपलाच समजून गाव विचारतात. भांडतो कन्नडमध्ये, विनोद करतो कन्नडमध्ये. पण वाचता येत नाही. शाळा मराठी होती. कन्नडचा तास असायचा, पण त्या तासाला मी कायम नाटकाच्या तालमीत. परीक्षेत पाठ करून लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी विसरलो. त्यानंतरची पस्तीस वर्षं मी बसच्या क्रमांकावर, पाट्यांच्या रंगांवर आणि "काय हो, ही केशवापूरलाच जाते ना?" या प्रश्नावर काढली. बायकोलासुद्धा पत्ता नव्हता. तिला वाटायचं, मला चष्मा लागलाय आणि मी घेत नाही.

"मला वाचता येत नाही" हे चार शब्द त्या क्षणी म्हणता आले असते. पण समोर प्रेक्षक होते. आणि मनात 'परकी' सलत होतं. वाटलं, आता या मुलांसाठी असं काही करू की दगडाला पाझर फुटेल. मी वही डोळ्यांसमोर धरली आणि वाचायला सुरुवात केली. म्हणजे रचायला.

काय सुरेख कन्नड बोललो हो मी! "आम्ही गरिबाची लेकरं. आईबापांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेली. आपण थोर मंडळी, आमच्या आजोबांसारखी. आमचं चुकलं, पदरात घ्या. कोपऱ्यात बसू, जमिनीवर बसू, पण हाकलू नका. आपल्या पाया पडतो." शेवटी आवाजाला असा कंप दिला की हेडमास्तरांनी रुमाल काढला. बँकेतले साहेब तर सरळ रडत होते. मी वही मिटवणार, तोच भिंतीपाशी ती उभी राहिली.

"हंग बर्दिल्री, सर."

असं लिहिलेलं नाही, सर. आवाज चढवला नाही तिनं. ती पुढे कन्नडमध्ये म्हणाली, "आम्ही पाया पडतो असं लिहिलेलं नाही. असलं काहीच लिहिलेलं नाही."

नाटकात पडदा पडायची सोय असते. इथं नव्हती.

"वाचता येतं का तुम्हाला?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. आयुष्यातलं माझं सगळ्यांत हळू वाक्य. पाठीमागच्या रांगेत आमच्यातल्या आणखी दोघांनी मान खाली घातली, ते मला दिसलं.

"द्या इकडं." वकीलसाहेबांनी काठी टेबलाला टेकवली. कोर्टात अर्धं आयुष्य कन्नड कागदांत काढलेला माणूस. "नियम म्हणजे नियम. आमच्या बाजूनं वाचायचं. मी वाचतो."

त्यांनी वाचलं. कोर्टात वाचावं तसं, ना चढ ना उतार. मुलांनी लिहिलं होतं, 'खुर्चीवर दप्तर ठेवून जाणं ही आमची चूक आहे. आजपासून ठेवणार नाही. बसायला मात्र आम्ही मेहरबानी मागत नाही. वाचनालयाच्या दारावरच लिहिलंय की इथं वाचायला येणाऱ्या कोणालाही बसायला जागा द्यावी. ते मराठीत आहे. आम्ही ते रोज वाचतो. तुम्ही वाचलंय का?'

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दारावर पाटी? अक्का उठल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. आमचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि व्हरांड्याच्या भिंतीला टेकतं. पाटी दाराच्या बाहेरच्या अंगाला. म्हणजे दार उघडं असलं की पाटीचं तोंड भिंतीकडे. ती दिसणार फक्त दार उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसणाऱ्याला. आम्ही नऊच्या आत कधी आलोच नव्हतो. बाहेर जाऊन सगळ्यांनी आपल्याच संस्थापकांची पाटी वाचली. मी तर दोनदा वाचली. ती निदान मला वाचता येत होती.

आत आल्यावर वकीलसाहेबांनी उरलेला मजकूर हातात घेतला. 'खिडकीखाली मी बसते,' तिनं लिहिलं होतं, 'कारण तिथं उजेड संध्याकाळपर्यंत पुरतो. एक अज्जा रोज नऊ वाजता येतात, कपाटापाशी उभे राहतात, पुस्तक काढत नाहीत, खिडकीकडे बघतात आणि जातात. त्यांना काय हवं ते मला कळत नाही. इथं बोलायचं नाही, म्हणून मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.'

वकीलसाहेबांनी त्या ओळी बोट धरून मनाशी पुन्हा वाचल्या. मग चष्मा काढला.

"साक्ष बरोबर आहे," ते म्हणाले. आणि वही मिटून, "ठराव मी मागं घेतो."

"मागं घेता येणार नाही की हो," अक्का म्हणाल्या. "चर्चा झालीय. मतदान होईल."

मतदान झालं. सभासदांखेरीज कोणी बसू नये, या ठरावाच्या बाजूनं दोनच हात वर आले. त्यातला एक हात अजूनही माझ्याशी बोलत नाही. विरोधात वर आलेला पहिला हात ठराव मांडणाऱ्या वकीलसाहेबांचाच होता. पोरं टाळ्या वाजवणार होती, अक्कांनी डोळे वटारले. वाचनालय आहे ते.

वकीलसाहेब मुलीला लेकीला म्हणावं तसं म्हणाले, "परीक्षा होईपर्यंत ती खुर्ची तुझी, यव्वा."

ती म्हणाली, "नऊ ते दहा तुमची, अज्जार. मी समोरच्या खुर्चीत बसीन."

समोरच्या खुर्चीत. कोणाची ते तिला माहीत नव्हतं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. वकीलसाहेबांनी नुसती मान हलवली.

मी तिच्यापाशी गेलो. इतकी वर्षं लोकांना रडवलं, पण माफी कशी मागतात त्याची तालीम केली नव्हती. "मी तुमच्या बाजूनंच बोलायला गेलो होतो," म्हणालो.

"हौद्री, खरंय," ती म्हणाली. "पण हात तुम्ही आमचे जोडलेत."

घरी जाताना चार मिनिटांच्या रस्त्याला मला पाऊण तास लागला.

माझी शिक्षा? अक्का म्हणाल्या, "वहीत लिहीन. उद्या." दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर डाव्या पानावर शिक्षा लिहिलेली. कन्नडमध्ये! खाली मराठीत एकच ओळ: 'हे यांना कोणी वाचून दाखवू नये.' मी हेडमास्तरांकडे बघितलं, त्यांनी पेपर वर केला. वकीलसाहेबांना बाहेर व्हरांड्यात गाठलं, तर म्हणाले, "न्यायालयाचा आदेश आहे." आणि मिशीत हसले. आपल्याला फाशी झाली की दंड, हे न कळता माणूस किती दिवस जगेल?

मग मी शिकायला लागलो. नात वापरते ते कन्नड अंकलिपीचं पुस्तक शर्टाच्या आत दडवून दुकानात नेलं. हुबळीच्या बसमधून पाट्या वाचत जायचो. एक अक्षर लागेपर्यंत पाटी मागं पडायची. पण खरी मदत वहीतच यायची. रोज संध्याकाळी ती मुलगी जाताना माझ्या शिक्षेच्या पानाच्या समासात पेन्सिलीनं एक अक्षर काढून ठेवायची, आणि शेजारी चित्र. उप्पूच्या 'उ'ला मीठ, मावूच्या 'म'ला आंबा, एकदा 'च'ला शाळेची चड्डी. सांगायला बंदी होती. चित्र काढायला बंदी कुठं होती? दिवसा मान वर न काढणारी पोर, परीक्षा डोक्यावर, आणि माझ्यासाठी रोज एक चित्र. मी ते पान पाहून डोळे पुसायचो तेव्हा अक्का म्हणायच्या, "धूळ फार झालीय ना कपाटांत?" आणि कोपऱ्यात कोणीतरी खोकायचं.

त्या खोकल्याचा अर्थ मला सात आठवड्यांनी कळला. एका शनिवारी संध्याकाळी, ओठ हलवत, बोट फिरवत, मी शिक्षा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. 'पुढचे सहा रविवार सकाळी कपाटं पुसायला यावं.' सहाही रविवार होऊन गेले होते! अख्ख्या वाचनालयानं ते मजेत जाऊ दिले होते. मी वर बघितलं तर सगळे पेपर थरथरत होते; मागची माणसं हसत होती, नियम पाळून, बिनआवाज.

दुसऱ्या दिवशी रविवारी भल्या सकाळी फडकं घेऊन गेलो. दार अजून बंद होतं, पाटी समोर होती. आत शिरलो तर वाचनालय सुनंसुनं. त्या दिवशी परीक्षा होती. मुलं पहाटेच हुबळीच्या केंद्रावर गेली होती. मी शिडीवर चढून सगळ्यांत वरचा खण पुसायला लागलो.

नऊच्या ठोक्याला काठीचा आवाज आला. वकीलसाहेब. आले, खिडकीखालच्या आपल्या खुर्चीपाशी उभे राहिले, आणि खांद्यावरची पिशवी काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली. मग वळून समोरच्या खुर्चीत, पत्नीच्या, जाऊन बसले. पेपर उघडला. दहा वाजले, अकरा वाजले. सभासद येत गेले, खुर्च्या भरत गेल्या. हेडमास्तर पेपर घेऊन दोनदा त्या खिडकीपाशी घुटमळले. वकीलसाहेबांनी पेपर खाली केला नाही आणि पिशवी उचलली नाही. ती मुलगी परीक्षा देऊन थेट इकडंच येणार होती, हे त्यांना कोणी सांगितलं होतं की त्यांनीच गृहीत धरलं होतं, देव जाणे.

आता माझ्यासारख्या माणसाला राहवेल का? मी शिडीवरून उतरलो, हात पुसले, सूचना वही उघडली आणि डाव्या पानावर लिहायला बसलो. कन्नडमध्ये. चार ओळींना अर्धा तास लागला. 'खिडकीखालच्या खुर्चीवर सकाळपासून एक दप्तर बसलं आहे. मालक समोर बसून पेपर वाचतात. हेडमास्तर उभे आहेत. दप्तरं ठेवायची नाहीत असं ठरलं होतं. खुलासा व्हावा.' अक्कांनी ते उलट्या बाजूनं वाचलं, ओठ दाबले, आणि वही उचलून वकीलसाहेबांपुढे नेऊन ठेवली.

त्यांनी चष्मा लावला. माझी वेडीवाकडी अक्षरं एकेक करून तपासली. मग माझ्याकडे बघितलं, खिडकीखालच्या पिशवीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. आणि वाचनालयाचा मौनाचा नियम आयुष्यात पहिल्यांदा मोडून, हळूच म्हणाले,

"उत्तर उद्या."